आखातीचा आंबा

चोर तुम्ही आहात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला असं वाटायला नको की ही कुणा आदिवासी म्हातारीची डोळे ओले करणारी गोष्ट आहे, आणि वाचून झाल्यावर रुमाल खिशात घालून जेवायला बसलं तरी चालेल. तुम्ही आमच्या पाड्यातली मेलेली माणसं उचलून नेलीत. दिवसाढवळ्या, ठेकेदाराच्या ट्रकमधून, पाडा रिकामा बघून. आणि मग त्यांना बघायला तिकीट लावलंत.

आखातीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी गौराकाकी तुमच्या उद्यानाच्या तिकीटखिडकीपुढे उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीवर धुतलेलं फडकं. खिडकीच्या वर तुमचा फलक: 'कुटुंबासह या, इतिहासात रमा!' खिडकीत करिष्मा. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आमच्या शेजारच्याच पाड्यातली पोरगी, बारावी झालेली, तुमच्याकडे नोकरीला लागलेली.

"काकी, तिकीट लागंल," ती मान खाली घालून म्हणाली.

"कशाचं?"

"आत जायाचं."

"आत माझा गोहो हाय. नवऱ्याला भेटाया तिकीट लागतं काय गो? तुझी आयीस घरात शिरताना काढते तिकीट?"

मागे रांगेत उभे असलेले पर्यटक हसले. करिष्मा हसली नाही. तिच्या पाठीमागे भिंतीवर कॅमेरा होता.

"काकी, माझी नोकरी जाईल."

काकीने तिच्याकडे बघितलं, टोपली डोक्यावरची कमरेवर घेतली आणि बाजूला झाली. तिकिटं मी काढली. मी पंढरी, तिचा पुतण्या. जव्हारच्या डेपोसमोर माझी जीप लागते. मी पर्यटक फिरवतो. राजवाडा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, शिरपामाळ, पाऊस झालेला असला तर दाभोशाचा धबधबा. जीपमध्ये बसायच्या आधी लोक विचारतात, "फॅमिलीसाठी काय काय आहे?" म्हाताऱ्या माणसाला चढवेल का, लहान पोर घसरणार नाही ना, प्यायचं पाणी मिळेल का, बाथरूम आहे का. चांगले प्रश्न आहेत. त्यांचा राग नाही मला. आमच्या पाड्यातल्या फॅमिलीबद्दल हे प्रश्न तुम्ही कधी विचारले नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

आता तुम्ही काय उचलून नेलं ते सांगतो. तुम्हाला अजून माहीत नसेल. तुमच्या कागदावर 'लाकडी शिल्पे' असं लिहिलेलं असणार.

आमच्या ऐनपाड्यात माणूस मेलं, की वर्षाच्या आत त्याचा वीर बसवतात. वीर म्हणजे सागाची जाड फळी, पुरुषभर उंच. वरती चंद्र-सूर्य कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस. सगळ्यांना घोडा. जन्मभर अनवाणी चालला, त्याला मेल्यावर तरी घोडा. फळी कोरणारा सुतार एकच, मोखाड्याच्या पलीकडचा, आणि त्याच्या आधी त्याचा बाप. त्यामुळे घोडे सगळे सारखे, माणसंही सारखी. नाव कोरायची रीत नाही, कारण गरजच नाही. ओढ्याकडचा पहिला तो माझा आजा. त्याच्या डाव्या हाताला जिवाकाका, गौराकाकीचा नवरा. त्यांच्या मागे, ऐनाच्या झाडाच्या मुळात, आजाचा भाऊ. जिवंतपणी ओटीवर जसे बसायचे तसेच मेल्यावर उभे. कोण कोणता, ते जागेवरून कळतं. एकदा रोवलेला वीर हलवत नाहीत. वाळवी लागली, पडला, तरी तिथेच पडू देतात. माती झाला, की तो पोचला असं म्हणतात.

आणि लहान पोर मेलं, तर फळी नाही. पोराने काय केलं असतं म्हणून घोडा द्यायचा? त्याला ओढ्यातला दगड. आईने स्वतः निवडायचा, तिला दोन हातांत उचलेल एवढा. मोठ्यांच्या पायाशी ठेवायचा. तिथे ते खेळत बसतं.

जिवाकाका वसईच्या खाडीत बुडी मारून रेती काढायचा. बादली घेऊन खाली जायचं, भरून वर यायचं. एका बुडीतून तो वर आला तेव्हा त्याच्या हातात बादली नव्हती आणि त्याच्यात तो नव्हता. काकी तेव्हा त्याच बंदरावर होड्यांतली रेती उतरवत होती. तिने त्याला पाड्यावर आणला, वीर बसवला, आणि दुसऱ्या वर्षापासून एकटी जगायला जाऊ लागली. 'जगायला जाणे' हा आमचा शब्द. दिवाळी झाली, नागली घरात आली, की पाड्याला कुलूप. कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी ठाण्याच्या बिल्डिंगांवर. तिथे जाऊन जे करतात त्याला आम्ही जगणं म्हणतो. इथे राहून जे होतं त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

दर आखातीला काकी वीराशी भांडायची. मी लहानपणापासून ऐकत आलोय. भाकर ठेवायची, उडदाचं कालवण ठेवायचं, आणि कमरेवर हात ठेवून सुरू: "बसला घोड्यावर! आरं, छप्पर उडालं काल, उतर खाली, दोन पेंढ्या टाक. नाय उतरायचा. जिता होता तवाबी असाच, बिडी फुकत बसायचा." बाकीच्या बाया हसायच्या. एखादी म्हणायची, "गौरा, त्याला जेवू तरी दे!" मग काकी आंबा ठेवायची. हंगामातला पहिला पिकलेला आंबा. आखातीला मेलेल्यांना आंबा दिल्याशिवाय आमच्यात कुणी आंबा तोंडात घालत नाही. तोही अख्खा द्यायचा, फोडून नाही. मेलेल्या माणसाला उष्टा-तोडका देत नाहीत.

ह्या शिमग्याला आम्ही परत आलो, तर ऐनाखाली खड्डे होते. खड्ड्यांत सुका पाला आणि शेळ्यांच्या लेंड्या. पोरांचे दगडही नव्हते. आम्हाला वाटलं, ओढ्यात गडगडले असतील, खोदताना कुणी लोटले असतील.

पाड्यावर मागे राहिला होता तो एकटा तुळशीदास डोसा; डोसा म्हणजे म्हातारा. त्याचे पाय चालत नाहीत. त्याने ट्रक बघितला होता.

"मी इचारलं ना," तो रडकुंडीला येऊन सांगत होता. "त्ये बोललं, डोसा, तुमच्या देवांचं काम निघालंय. मला वाटलं शेड बांधतील. पावसात भिजतात म्हणून शेड. मी पाणी पाजलं रे त्यांना! हंड्यातलं पाणी पाजलं!"

ऐकलंत? उन्हाळ्याच्या तोंडावर, जिथे बाया हंड्यासाठी डोंगर उतरतात, तिथे एका पांगळ्या म्हाताऱ्याने तुमच्या चोरांना स्वतःच्या हंड्यातलं पाणी पाजलं. कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही आमच्यासाठी काहीतरी करताय, असं त्याला वाटलं.

वीर कुठे गेले ते मला कळलं. ठाण्याच्या एका कुटुंबाला शिरपामाळ दाखवायला घेऊन चाललो होतो. वाटेत तुमचं नवीन उद्यान. पोरांनी हट्ट केला, थांबलो. कुंपणाच्या जाळीतून आत बघितलं, तर आमचे वीर उभे. त्याच संध्याकाळी पाड्यावर जाऊन सांगितलं. मोठी माणसं जमली. कुणी म्हणालं अर्ज करू, कुणी म्हणालं मोर्चा नेऊ. गौराकाकी आखातीला टोपली भरून माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसली.

"चल," म्हणाली. "त्याला घेऊन येऊ. आज जेवला पायजे त्याच्या जाग्यावर."

तर आम्ही आत गेलो.

उद्यान झकास आहे, खोटं कशाला बोलू? झोके आहेत, घसरगुंडी आहे. प्लास्टरचा वाघ आहे, त्याच्या जबड्यात पोरं डोकं घालतात आणि आया फोटो काढतात. सिमेंटचे तारपा नाचणारे आहेत. तारपा वाजवणाऱ्याचे गाल कायमचे फुगलेले, बिचाऱ्याला दम टाकायची सोय नाही. नळाला पाणी आहे. काकी नळापाशी थांबली. तोटी सोडली, पाणी आलं. बंद केली. पुन्हा सोडली.

"दिवसभर येतं?"

"येतं."

"बरं हाय," ती म्हणाली आणि तोटी घट्ट पिळून बंद केली.

वीर झोक्यांच्या पलीकडे होते. उंचीप्रमाणे लावलेले. बुटके पुढे, उंच मागे, शाळेतल्या फोटोसारखे. पाय सिमेंटात. आणि तुम्ही त्यांना तेलरंग दिला होता. घोडे पांढरे, फेटे लाल, सूर्य पिवळाधमक. आमच्या माणसांना उभ्या जन्मात फेटा मिळाला नव्हता, तो तुम्ही दिलात. समोर गोल वाफा, त्यात झेंडूची झाडं, वाफ्याभोवती एक आड एक लाल-पांढरे रंगवलेले दगड. बाजूला फलक.

"काय लिव्हलंय?" काकीने विचारलं.

मी वाचलं. "'अश्वारूढ योद्धे. या परिसरातील अज्ञात वीरांची ऐतिहासिक स्मारके. शिरपामाळाच्या गौरवशाली इतिहासाचे मूक साक्षीदार.'"

"योद्धे म्हंजे?"

"लढाई करणारे."

"जिवा?" ती खरोखर हसली. "त्यो कोंबडी कापाया घाबरायचा रे! मी कापायची, त्यो मान फिरवून उभा राह्याचा."

"हो काकी."

"आन अज्ञात म्हंजे?"

"कोण आहेत ते कुणाला माहीत नाही, असे."

तिचं हसू गेलं. "मला माहीत हाय की," ती म्हणाली.

तेवढ्यात एक पोरगा धावत आला आणि पुढच्या ओळीतल्या एका वीराच्या घोड्यावर चापट्या मारत "चल घोड्या, चल घोड्या" करू लागला. त्याची आई मोबाइल धरून मागे उभी. "रेयांश, इकडे बघ, तलवार दाखव!" पोराकडे प्लास्टिकची तलवार होती, बाहेरच्या दुकानातली.

काकी त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता ओरडते. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा, हळू मार. जेवाया बसायचेत त्ये."

"कोण?"

"त्येच. घोडेवाले."

पोराने वर बघितलं. आई पुढे आली. "काय झालं आजी? हात लावायचा नाही का? बोर्डवर तर काही लिहिलेलं नाहीये."

"ताई, हे योद्धे नाहीत," मी म्हणालो. "हे आमच्या पाड्यातले मेलेले लोक आहेत. आमच्या आजोबांची, काकांची स्मारकं. आम्ही बाहेरगावी होतो तेव्हा उचलून आणली."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... स्मशानातली?"

"तसंच समजा."

तिने पोराला झटकन मागे ओढलं. तिचा नवरा भेळेचा कागद हातात घेऊन आला. "काय गं?" तिने हळूच सांगितलं. तो म्हणाला, "आपण कशाला त्यांच्यात पडायचं? चल, वाघाकडे जाऊ." पण ती गेली नाही. तिथेच उभी राहिली, आणि मोबाइल खाली घ्यायचा विसरली. तिच्या त्या विसरण्यामुळेच पुढचं घडलं, कारण तेवढ्यात तुम्ही आलात.

हो, तुम्ही, ह्या उद्यानाचे साहेब. नाव घेत नाही. गॉगल कपाळावर, मागे दोन माणसं, एकाच्या हातात तुमची पाण्याची बाटली. सुट्ट्यांची गर्दी कशी आहे ते बघायला आला होतात. पहारेकऱ्याने कानात सांगितलं असेल. तुम्ही आधी मोबाइल बघितलात, मग काकीला.

"काय अडचण आहे आजी?" तुम्ही गोड बोललात. आठवतंय?

"माझ्या नवऱ्याला न्यायला आलेय."

"असं बघा, ही तुमचीच संस्कृती आहे. तिकडे जंगलात वाळवी लागून चालली होती. आम्ही जतन केली. आता मुंबईची, नाशिकची मुलं येऊन बघतात. अभिमान वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाळवी लागायचीच असते, साहेब."

तुम्हाला ते कळलं नाही. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू शिकलेला दिसतोस. समजावून सांग ना."

"काय समजावू? विचारलं होतं का कुणाला?"

"पाड्यावर कुणी नव्हतं. एका वृद्ध गृहस्थांशी चर्चा झाली होती, त्यांची हरकत नव्हती."

तुळशीदासाचा हंडा म्हणजे तुमची चर्चा!

आता आजूबाजूला आणखी लोक थांबले होते. दोन-चार मोबाइल वर झाले होते. तुम्ही ते बघितलंत. आणि मग तुम्ही जे केलंत, ते हुशारीचं होतं. मी तुमच्या जागी असतो तर मला सुचलं नसतं. तुम्ही हात जोडलेत.

"ठीक आहे आजी. तुमच्या भावना आमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. तुमच्या मिस्टरांचा कोणता तो दाखवा. आत्ता लगेच काढून देतो. अरे, पहार आणा रे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेयांशच्या आईनेही. पहारही आली.

काकी पुढे झाली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एका वीरापुढे उभी राहिली, घोड्याचं तोंड बघितलं. दुसऱ्याकडे गेली. सूर्यावर हात फिरवला, तेलरंग गुळगुळीत लागला. तिसरा. मागच्या ओळीत गेली, फळ्यांच्या पाठी बघितल्या. पाठीही रंगवलेल्या. ती पुन्हा पुढे आली. डोळे मिटले, उजवा हात लांब केला, ओढा इकडे, म्हणजे सासरा इथे, त्याच्या डाव्या अंगाला... डोळे उघडले तर समोर घसरगुंडी.

"पंढरी," ती म्हणाली. "तू बघ रे. तुझे डोळे चांगले हायत."

मी बघितलं. सगळे पांढरे घोडे. सगळे लाल फेटे. मला माझा आजा ओळखता आला नाही. मी त्याच्या पायाशी बसून दर आखातीला जेवलोय, मला तो ओळखता आला नाही. तो ओढ्याकडचा पहिला होता. इथे ओढा नव्हता.

काकी तिसऱ्यांदा सुरुवातीला गेली. आता ती हळूहळू पुटपुटत होती, "बोल की रे. जिता होता तवा बडबड करायचा, आता बोल." टाळ्या थांबल्या होत्या. एक झोका करकरत होता, तेवढाच आवाज.

"बघा," तुम्ही लोकांकडे वळून म्हणालात. हळू, दुःखी आवाजात. "त्यांनाच ओळखता येत नाही. म्हणून तर आम्ही 'अज्ञात' लिहिलं."

हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं, साहेब, आणि तुमची जीभ झडली नाही. त्यांना कोण ओळखत नव्हतं? पाड्यातलं शेंबडं पोर सांगत होतं, हा अमक्याचा बाप, ही तमक्याची सासू. फलक तुम्ही आधी लावलात आणि मग तो खरा केलात.

लोक पांगायला लागले. माणसाला लाज वाटली की तो आइस्क्रीमकडे जातो. पहार घेऊन आलेला माणूस उभाच होता. तुम्ही त्याला मानेने जा म्हणालात.

काकीने टोपली खाली ठेवली. फडकं उघडलं. नागलीची भाकर होती, उडदाचं कालवण होतं, दोन आंबे होते, एक मोठा, एक लहान. मोठा जिवाचा. लहान आंबा कुणाचा, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

तिचा पोरगा, लाडक्या. दीड-दोन वर्षांचा. ज्या पावसात वावर-वांगणीकडे कुपोषणाने पोरं मेली, त्याच पावसात आमच्या पाड्यातही मेली. आमचा पाडा बातमीत आला नाही. पण गाड्या आमच्याकडेही आल्या होत्या. पोरांना तराजूत घालून वजनं केली, फोटो काढले, बिस्किटं वाटली. लाडक्याला बिस्किट चावता आलं नाही. काकीने त्याचा दगड ओढ्यातून निवडून आणला होता, काळा, मधोमध पांढरी रेघ असलेला. जानव्यासारखी रेघ. "माझा बामण," असं म्हणायची त्या दगडाला. ह्या वर्षी दगड ओढ्यात गेला असं समजून तिने ठरवलं होतं, की जिवाला घरी नेल्यावर लहान आंबा ओढ्याच्या काठी ठेवायचा.

ती वाफ्याच्या कडेवर टेकली आणि भाकर मोडायला लागली. एकेका वीरापुढे एकेक तुकडा. कोण ते माहीत नाही, तर सगळ्यांना द्यायचा. भाकर पुरेना, तसे तुकडे लहान होत गेले. कालवण बोटाने लावत होती. आंब्याला मात्र तिने हात लावला नाही. आंबा अख्खा द्यायचा असतो, आणि अख्खा आंबा एकालाच देता येतो.

शेवटचा तुकडा ठेवून ती परत कडेवर बसली. टेकताना हात दगडावर घासला. नखात लाल पापुद्रा आला. तिने तो बघितला. दगडाकडे बघितलं. मग वाफ्याभोवतीच्या सगळ्या दगडांकडे बघितलं, आईला दोन हातांत उचलतील एवढ्या.

"पंढरी," तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "हे कठले दगड?"

तुम्ही ट्रक भरताना दगडही घातलेत, होय ना? वाफ्याला कड पाहिजे होती. आयते, एका मापाचे, गोल दगड मिळाले.

तिने खालचा एक खडा उचलला आणि दगड खरवडायला लागली. एक लाल, एक पांढरा, एक लाल. रंगाचे पापुद्रे झेंडूवर उडत होते. पहारेकरी धावला. "ए आजी! सरकारी मालमत्ता आहे!"

मी मध्ये उभा राहिलो. "हात लावून बघ," एवढंच म्हणालो. तो आमच्याच भागातला होता, थांबला. तुम्ही लांबून ओरडलात, "तिला बाहेर काढा!" पण रेयांशची आई पोराला कडेवर घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

काकी गुडघ्यांवर सरकत वाफ्याभोवती फिरत होती. खरवडायचं, थुंकी लावून पुसायचं, पुढे जायचं. बोटांतून रक्त आलं तशी लालावर लाल. एका पांढऱ्या दगडापाशी तिचा हात थांबला. पांढऱ्या रंगाखाली काळा दगड निघाला, आणि काळ्यात रंगाची नसलेली, निघत नसलेली पांढरी रेघ.

तिने दगड मातीतून हलवून मोकळा केला, मांडीवर घेतला, पदराने त्याचं तोंड पुसलं. लहान आंबा दगडाला टेकवला.

"खा," म्हणाली.

मग दगड उराशी धरून उठली. टोपली मी घेतली. दारापर्यंत कुणी अडवलं नाही. दारात तुम्ही होतात.

"आजी, असं काही बाहेर नेता येत नाही. रीतसर अर्ज करा."

काकी थांबली. "साहेब, यो माझा मी निवडला होता, म्हणून मला सापडला. बाकीचे दगड कुणाकुणाचे, माहीत हाय तुम्हाला?"

तुम्ही कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर ओढलात.

"आन माझा नवरा कोणता?"

तुम्ही मागच्या माणसाकडून पाण्याची बाटली घेतलीत.

"मला इचारू नका. मी नाय हलवला. ज्यानं हलवला त्याला माहीत पायजे."

तुम्ही करिष्माला म्हणालात, "गेट बंद कर." पोरगी खिडकीतून बाहेर आली. कॅमेरा तिच्याकडेच होता. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात धरलं आणि गेट सताड उघडलं. काकी बाहेर पडल्यावर ती तुमच्याकडे वळून म्हणाली, "साहेब, त्यांच्या पाड्यातून माझी आयीस आली लग्न होऊन. माझा आजा कोणता हो त्यातला?"

लाडक्याचा दगड आता ऐनाखाली आहे. एकटा. त्याच्याभोवती खड्डे. काकी रोज सांजेच्या आत जाऊन बघून येते, लेकरू मोठ्या माणसांवाचून राहिलंय म्हणून.

ती ह्या वर्षी आंबा खात नाही. पाड्यात कुणीच खात नाही. झाडाखाली सडा पडलाय, पोरं नुसती बघतात. जिवाकाकाचा मोठा आंबा तिने घरात शिंक्यात ठेवलाय. आधी पिवळा होता, मग त्याच्यावर काळे ठिपके आले, आता देठाकडून रस गळतो आणि माशा बसतात. ती माशा हाकते, आंबा टाकत नाही. "त्याचा हाय," म्हणते.

अर्ज केलाय आम्ही, तुम्ही म्हणालात तसा, रीतसर. त्यात एकच प्रश्न आहे, आणि तोच इथे सगळ्यांसमोर पुन्हा विचारतो. आंबा सडत चाललाय. त्या पांढऱ्या घोड्यांतला जिवा कोणता, साहेब?